मौन म्हणजे संमती नव्हे

अंदमान म्हटले की मराठी मनासमोर पहिल्यांदा उभे राहते ते सेल्युलर जेल. 'माझी जन्मठेप' वाचत वाढलेल्या पिढ्यांनी ती कोठडी, तो कोलू आणि ते काळे पाणी न पाहताही पाहिलेले आहे. आता तर विमानाने जाऊन, चार-सहा दिवसांत ते तीर्थ डोळे भरून पाहून, निळ्या समुद्रात पाय भिजवून परत येता येते. दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीत अनेक मराठी कुटुंबे तशी जाऊनही येतात. पण या बेटांचा इतिहास तुरुंगापासून सुरू होत नाही. १८५८ साली इंग्रजांनी तेथे कैद्यांची वसाहत घातली, तेव्हा ती बेटे ओसाड नव्हती. हजारो वर्षांपासून तेथे माणसे राहत होती, शिकार करीत होती, मासे मारीत होती, आपापल्या भाषांत गात होती. कैद्यांना काळे पाणी झाले ते न्यायालयाच्या हुकमाने. या मूळ रहिवाशांना मात्र आपल्याच घरात, कोणताही गुन्हा न करता ती शिक्षा झाली. तिची हकीकत त्यांच्यापैकी कोणी लिहून ठेवलेली नाही.

ही जुनी गोष्ट आज काढण्याचे कारण असे, की त्याच द्वीपमालेच्या दक्षिण टोकाला तशीच दुसरी गोष्ट घडू घातली आहे. पोर्ट ब्लेअरपासून, म्हणजे आजच्या श्रीविजयपुरमपासून, पाचशे किलोमीटरहून अधिक दक्षिणेला ग्रेट निकोबार हे बेट आहे. क्षेत्रफळ सुमारे ९१० चौरस किलोमीटर. भारताचे अगदी दक्षिणेचे टोक, इंदिरा पॉइंट, ते याच बेटावर. तेथून इंडोनेशियाचे सुमात्रा दीडशे किलोमीटरच्या आसपास, आणि मलाक्काच्या सामुद्रधुनीकडे जाणारा जहाजांचा राजमार्ग तर हाकेच्या अंतरावर. बेटावर अजूनही घनदाट सदाहरित जंगल आहे, आणि त्या जंगलात शोंपेन नावाची जमात राहते. २०११ च्या जनगणनेत त्यांची संख्या भरली २२९. आपल्याकडच्या एखाद्या मध्यम सोसायटीतही याहून जास्त माणसे राहतात.

शोंपेन छोट्या छोट्या गटांनी नद्यांच्या काठाने राहतात. रानडुकराची शिकार, मासे, मध, कंदमुळे आणि केवड्याच्या जातीच्या एका झाडाचे मोठे फळ यांवर त्यांचे जगणे चालते. आपण केवड्याचे कणीस गौरी-गणपतीत वाहतो; त्यांच्याकडे त्याच कुळातल्या झाडाचे फळ शिजवून त्याचा गर खातात. आपली भाकरी तशी त्यांची ही रोजची भाकरी. त्यांच्यातले काही गट किनाऱ्यावरच्या निकोबारी लोकांशी आणि अधूनमधून सरकारी माणसांशी देवाणघेवाण करतात, तर काही गट बाहेरच्या माणसाची चाहूल लागताच जंगलात दिसेनासे होतात. त्यांना आपल्याकडून फारसे काही नको आहे, हे त्यांनी शक्य त्या एकाच भाषेत, म्हणजे पाठ फिरवून, वारंवार सांगितलेले आहे.

या बेटावर केंद्र सरकारने एक प्रचंड प्रकल्प आखला आहे. गॅलाथिया उपसागरात कंटेनरची चढउतार करणारे बंदर, आंतरराष्ट्रीय विमानतळ, वीजकेंद्र आणि एक नवे शहर. मंजुरीच्या वेळचा खर्चाचा अंदाज ७२ हजार कोटी रुपयांचा होता. पुढे तो वाढला. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२२ मध्ये वन आणि पर्यावरण खात्याच्या मंजुऱ्या मिळाल्या. एकूण १६६ चौरस किलोमीटर जागा लागणार, त्यातले १३० चौरस किलोमीटरहून अधिक जंगल, आणि ८४ चौरस किलोमीटर आदिवासींसाठी राखीव असलेली जमीन. तोडल्या जाणाऱ्या झाडांचा सरकारनेच संसदेत दिलेला अंदाज ९ लाख ६४ हजारांचा. ही झाडे जातील विषुववृत्ताजवळच्या बेटावरून आणि त्यांच्या बदल्यातली लागवड करायचे ठरले ते हरयाणात. लेदरबॅक हे जगातले सर्वांत मोठे सागरी कासव गॅलाथियाच्या वाळूत अंडी घालायला येते. त्याच्यासाठी राखलेल्या अभयारण्याचा दर्जा २०२१ च्या जानेवारीतच काढून घेण्यात आला.

पण या सगळ्या आकड्यांहून मोठा आकडा वेगळाच आहे. बेटाची आजची लोकसंख्या आठ हजारांच्या घरात. प्रकल्प पूर्ण झाल्यावर, तीस वर्षांत, ती साडेतीन लाखांपर्यंत जाईल असे प्रकल्पाचे कागदच सांगतात. म्हणजे एकेका शोंपेनामागे दीड हजार परकी माणसे. घराच्या अंगणात दीड हजार माणसे येऊन राहिली, तर आपले काय होईल?

एका रस्त्याची शिकवण

काय होते, हे सांगायला भविष्यवेत्ता लागत नाही. इतिहास पुरेसा आहे. इंग्रज आले तेव्हा ग्रेट अंदमानी लोकांची संख्या काही हजार होती. पाच हजारांच्या आसपास असावी असा अंदाज केला जातो. १८५९ साली त्यांनी धनुष्यबाण घेऊन वसाहतीवर चाल केली आणि बंदुकांपुढे ते हरले. पण त्यांचा खरा घात केला तो नंतरच्या स्नेहाने. त्यांना 'सुधारण्यासाठी' अंदमान होम नावाची घरे काढली गेली, तंबाखू आणि दारू दिली गेली, आणि त्यांच्याबरोबर रोगही आले. १८७७ च्या गोवराच्या साथीने माणसे पटापट गेली. १९०१ च्या गणतीत ६२५ उरले, १९६१ मध्ये अवघे १९. पुढे संख्या थोडी सावरली, पण भाषा गेल्या. त्यांतली 'बो' ही भाषा बोलणारी शेवटची वृद्धा २०१० च्या जानेवारीत वारली, आणि तिच्याबरोबर ती भाषाही.

हे सारे परक्या राजवटीत झाले, असे म्हणून हात झटकता आले असते. पण स्वातंत्र्यानंतर आपण काय केले? दक्षिण आणि मध्य अंदमानच्या जंगलात जारवा राहतात. त्यांच्या वनातून आपण अंदमान ट्रंक रोड काढला. जारवांनी बाण मारून विरोध केला, मजूर मेले, जारवाही मेले. तरी रस्ता पुरा झाला. १९९७ च्या अखेरीस जारवा पहिल्यांदा धनुष्यबाण न घेता वस्त्यांजवळ येऊ लागले. वर्तमानपत्रांनी त्याचे कौतुक केले. दोनच वर्षांत, १९९९ मध्ये, त्यांच्यात गोवराची साथ आली.

अशा समाजात साथ इतकी भीषण का ठरते, हे समजून घ्यायला हवे. गोवर, फ्लू यांसारख्या रोगांशी आपल्या पिढ्यान्पिढ्यांची ओळख आहे, त्यांची नाही. त्यामुळे एकदा लागण झाली की लहानथोर सगळे एकाच वेळी अंथरूण धरतात. मग शिकारीला जायला कोणी उरत नाही, पाणी आणायला कोणी उरत नाही, चूल पेटत नाही. निम्मी माणसे रोगाने जातात, उरलेली उपासमारीने आणि काळजी घेणारे कोणी नसल्याने. दोन-अडीचशे माणसांच्या जमातीला असा एक पावसाळा पुरतो.

सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २००२ रोजी जारवांच्या राखीव प्रदेशातून जाणारा या रस्त्याचा भाग बंद करण्याचा आदेश दिला. रस्ता बंद झाला नाही. उलट बाराटांगच्या चुनखडीच्या गुहा आणि चिखलाचा ज्वालामुखी पाहण्याच्या निमित्ताने पर्यटकांच्या गाड्यांचे तांडे त्यावरून जाऊ लागले. गुहा हे निमित्त. खरे आकर्षण असायचे ते खिडकीतून जारवा दिसण्याचे. २०१२ च्या जानेवारीत एक चित्रफीत जगभर गाजली. तिच्यात खाऊच्या बदल्यात जारवा मुलींना पर्यटकांसमोर नाचायला सांगितले जात होते. त्या गाड्यांमधून फिरणारे लोक राक्षस नव्हते. तुमच्या-आमच्यासारखीच, मुलाबाळांना घेऊन सहलीला गेलेली माणसे होती. बाजारपेठ आणि रस्ता यांनी त्यांना प्रेक्षक केले आणि जारवांना तमाशा केले. एका रस्त्याने एवढे केले. बंदर, विमानतळ आणि शहर मिळून काय करतील याचा हिशेब वाचकांनीच करावा.

विचारले कोणाला?

सरकारचे म्हणणे असे, की एकाही आदिवासीला विस्थापित केले जाणार नाही आणि शोंपेनांच्या हिताला बाध येणार नाही. राखीव प्रदेशातून काढलेल्या जमिनीच्या बदल्यात दुसरी जमीन राखीव करू, असेही सांगितले जाते. सातबाऱ्यावरच्या जमिनीच्या बाबतीत हा व्यवहार कदाचित समजण्यासारखा आहे. तेथेही धरणग्रस्तांचा अनुभव काय, ते महाराष्ट्राला ठाऊक आहे. पण ज्याचे पोट अमुक नदीच्या काठच्या केवड्यावर आणि तमुक ओढ्याच्या माशांवर भरते, त्याला 'तितकेच चौरस किलोमीटर दुसरीकडे घे' असे सांगणे म्हणजे आईच्या बदल्यात त्याच वयाची दुसरी बाई देण्यासारखे आहे.

या प्रकल्पावर जनसुनावणी झाली. ती २७ जानेवारी २०२२ रोजी कॅम्पबेल बे येथे झाली. जनसुनावणी ही चांगली सोय आहे. पण तिच्यासाठी नोटीस वाचावी लागते, अहवाल समजावा लागतो, तारीख-वार पाहून सभामंडपात यावे लागते आणि माइकसमोर उभे राहून बोलावे लागते. ज्यांना कंटेनर म्हणजे काय ते माहीत नाही आणि ज्यांची भाषा येणारी माणसे बाहेरच्या जगात बोटांवर मोजण्याइतकी, त्यांच्यासाठी ही सुनावणी कसली?

नर्मदेच्या काठावरच्या मणिबेलीचा किंवा अक्राणी-अक्कलकुव्याचा आदिवासी निदान मोर्चा काढून धुळ्याला येऊ शकत होता, मुंबईला धरणे धरू शकत होता, वर्तमानपत्रांत त्याचा फोटो येत होता, त्याची बाजू न्यायालयात मांडली जात होती. इतके असूनही त्याची गावे पाण्याखाली गेली. शोंपेनांपाशी यांतले काहीच नाही. त्यांच्यात कोणी पुढारी नाही, वकील नाही, मतांचा गठ्ठा तर नाहीच नाही.

ज्यांना बोलता येते, त्यांचे तरी आपण ऐकले का? ग्रेट निकोबारच्या निकोबारी लोकांची किनाऱ्यावरची गावे २००४ च्या सुनामीने पुसून टाकली. बेटाच्या टोकाची जमीन त्या भूकंपात चार मीटरहून जास्त खचली. वाचलेल्यांना सरकारने कॅम्पबेल बेजवळच्या वसाहतींत आणून ठेवले. आमच्या वाडवडिलांच्या गावी आम्हाला परत जाऊ द्या, असे ते तेव्हापासून मागत आहेत. त्यांच्या आदिवासी परिषदेने २०२२ च्या ऑगस्टमध्ये प्रकल्पाला ना-हरकत पत्र दिले. नेमकी कोणती जमीन जाणार, हे कळल्यावर त्याच वर्षी २२ नोव्हेंबरला ते लेखी पत्र पाठवून मागे घेतले. बोलणाऱ्याचा नकार असा फायलीत राहतो, तेथे न बोलणाऱ्याचे मौन होकारात जमा होते, यात नवल ते काय?

'मौनं संमतिलक्षणम्' हे वचन आपण लग्नकार्यात, सभासमारंभात हसत वापरतो. ते लागू पडते ते प्रश्न समजलेल्या आणि नाही म्हणण्याची मुभा असलेल्या माणसाला. प्रश्नच न कळलेल्याचे मौन ही संमती नसते. कायद्याच्या भाषेत अज्ञान मुलाचा करार ग्राह्य नसतो. शोंपेन अज्ञान नाहीत, आपल्या जंगलात ते आपल्याहून कितीतरी शहाणे आहेत. पण आपल्या कागदांच्या जगात त्यांची सही कोणी दुसऱ्याने करणे हे तितकेच अग्राह्य मानायला हवे. माझे म्हणणे एवढेच आहे: ज्यांना विचारता येत नाही, त्यांचे उत्तर 'नाही' असे धरूनच सरकारने चालले पाहिजे.

देशहित आणि अजायबखाना

या म्हणण्यावर दोन आक्षेप हमखास घेतले जातात, आणि दोन्ही विचारात घेण्याजोगे आहेत. पहिला देशहिताचा. मलाक्काच्या तोंडाशी भारताची जागा बळकट असावी, यात शंका नाही. चीनचे आरमार हिंदी महासागरात वावरू लागले असताना तर ती असायलाच हवी. भारताचा जो माल मध्येच जहाज बदलून जातो, त्यातला सुमारे पाऊण हिस्सा कोलंबो, सिंगापूरसारख्या परक्या बंदरांत हाताळला जातो, हेही खरे. पण संरक्षणाची गरज आणि शहराची हौस यांची गल्लत करू नये. कॅम्पबेल बे येथे नौदलाचा 'आयएनएस बाज' हा तळ २०१२ पासून आहे. तो वाढवावा, धावपट्टी लांबवावी. त्याला कोणी शहाणा माणूस विरोध करणार नाही. सीमेवर पहारा ठेवायला लाखो लोकांचे शहर आणि पर्यटकांची हॉटेले लागत नाहीत. आणि संरक्षणाचे कारण सांगून प्रकल्पाचे अहवाल गोपनीय ठेवायचे व त्याच प्रकल्पात पर्यटनाची स्वप्ने दाखवायची, या दोन गोष्टी एकत्र बसत नाहीत.

येथे एका गोष्टीचा उल्लेख करायला हवा. १९६९ पासून या बेटावर माजी सैनिकांची कुटुंबे वसवली गेली. त्यांत पंजाबी होते, तसे मराठीही होते. जंगल आणि समुद्र यांच्यामध्ये, मुख्य भूमीपासून तुटलेल्या जागी त्यांनी नारळी-पोफळी उभ्या केल्या. त्यांना चांगला दवाखाना, नेमाने येणारे जहाज, मुलांना कॉलेज हवे आहे. त्यांची ही मागणी रास्तच आहे. पण ती पुरी करायला ७२ हजार कोटी लागत नाहीत, आणि आदिवासींचे जंगलही लागत नाही.

दुसरा आक्षेप असा, की या लोकांना काय कायमचे अजायबखान्यात ठेवायचे? त्यांच्या मुलांनी शाळेचे, औषधाचे तोंड पाहायचेच नाही? प्रश्न भावनेला हात घालणारा आहे. पण बंदर बांधून शोंपेनांना शाळा मिळेल, असे बंदर बांधणारेही म्हणत नाहीत. शिवाय दार कोणी आणि केव्हा उघडायचे, हा खरा मुद्दा आहे. व्हेरिअर एल्विन यांच्या नेफावरील पुस्तकाला लिहिलेल्या प्रस्तावनेत पंडित नेहरूंनी आदिवासी धोरणाची पाच सूत्रे मांडली. आदिवासींचा विकास त्यांच्या स्वतःच्या प्रकृतीप्रमाणे व्हावा, काही लादू नये आणि जमीन व जंगल यांवरील त्यांचे हक्क मानावेत, असा त्यांचा गाभा होता. उत्तर सेंटिनेल बेटाच्या बाबतीत आपण ते पाळलेही. २०१८ साली एक अमेरिकन धर्मप्रसारक बंदी मोडून तेथे उतरला आणि मारला गेला, तेव्हाही भारत सरकारने बेटावर पोलीस उतरवले नाहीत. दुरून लक्ष ठेवायचे, हात लावायचा नाही, या धोरणाचा आपल्याला अभिमान वाटायला हवा.

शोंपेनांसाठीही असे धोरण आहे. १९५६ चा आदिम जमाती संरक्षण विनियम आहे. २०१५ चे शोंपेन धोरण तर स्पष्ट सांगते, की बेटावर मोठा विकास प्रकल्प आखताना शोंपेनांच्या कल्याणाला आणि अखंडतेला अग्रक्रम द्यावा. २००६ च्या वनहक्क कायद्याने आदिम जमातींचा आपल्या वसतिस्थानावरचा हक्क मान्य केला आहे. आपल्याकडच्या माडिया गोंड, कोलाम आणि कातकरी या जमातींनाही याच कायद्याचा आधार आहे. तो ग्रेट निकोबारला वाकवला गेला, तर गडचिरोलीत तो ताठ राहील अशी आशा कोणी धरू नये.

म्हणून मागणे साधे आहे. शोंपेनांचा वावर असलेला सारा प्रदेश आणि गॅलाथियाचे खोरे प्रकल्पातून वगळावे. आदिवासी परिषदेने मागे घेतलेली संमती मागे घेतलेलीच समजावी आणि तिच्या लोकांना आपल्या गावी परत जाऊ द्यावे. नौदलाची गरज वेगळी काढून तेवढीच भागवावी. जे अहवाल युद्धाशी संबंधित नाहीत, ते लोकांपुढे ठेवावेत. २०२४ च्या फेब्रुवारीत १३ देशांतल्या ३९ अभ्यासकांनी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांना पत्र लिहून, हा प्रकल्प शोंपेनांच्या मुळावर येईल असा इशारा दिला. वंशसंहाराचा अभ्यास करण्यात आयुष्य घालवलेली ही माणसे आहेत. त्यांच्या इशाऱ्याला परदेशी म्हणून बाजूला सारणे सोपे आहे. पण परदेशाकडून चांगले ते घेण्यात कमीपणा नाही.

असे एक उदाहरण ब्राझीलचे आहे. तेथील रोंदोनिया राज्यात जमीन बळकावणाऱ्यांनी एका जमातीचा संहार केला आणि तिचा एकच माणूस उरला. त्याचे नाव कोणाला कळले नाही, भाषा कोणी ऐकली नाही. तो आपल्या झोपड्यांमध्ये खोल खड्डे खणायचा, एवढीच त्याची ओळख. जवळ जाणाऱ्यावर तो बाण सोडायचा. सरकारी माणसांनी त्याचे उत्तर ओळखले आणि त्या एका माणसासाठी सुमारे ८० चौरस किलोमीटर जंगलात प्रवेशबंदी केली. वीस वर्षांहून अधिक काळ तो तेथे एकटा जगला, आणि २०२२ च्या ऑगस्टमध्ये आपल्या झोळण्यात मरण पावलेला आढळला.

एका माणसाचा नकार ऐकून ब्राझीलने ८० चौरस किलोमीटर राखले. त्याच वर्षी ग्रेट निकोबारला आपण ८४ चौरस किलोमीटर राखीव जमीन देऊ केली, आणि तेथे नकार देणारी माणसे निदान दोनशे तरी आहेत.